ऑपरेशननंतर त्रास झाला, तर घरच्यांनी काय करावे?



कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला ताप आला, पोट फुगले, उलट्या थांबेनात किंवा टाक्यातून रक्त-पू येऊ लागला, तर "होईल आपोआप बरं" म्हणून थांबू नका. लगेच ग्रामीण रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा. नवऱ्याने तिच्याजवळ थांबावे, लेकरं सासू-जावेने सांभाळावीत.

खर्चासाठी बैलजोडी विकायची घाई करू नका. सरकारी शस्त्रक्रियेनंतर घरी सोडल्यापासून ६० दिवसांत गुंतागुंत झाली, तर २०१३ पासूनच्या नुकसानभरपाई योजनेतून उपचाराचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळतो. डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिले जपून ठेवा. अर्ज उशीर न लावता रुग्णालयातच द्या.

पैशाचं नंतर बघता येईल. आधी बाईला दवाखान्यात न्या!