राखीव शब्दांचा क्रम

बंगळूरच्या बसवनगुडी भागात कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा (१८८७–१९७५) यांच्या नावाचा रस्ता आहे. या नावातील पहिले आद्याक्षर देवनहळ्ळी या गावाचे, दुसरे वेंकटरमणय्या या पित्याचे. स्वतःचे नाव शेवटी येते. गुंडप्पांनी १९४५ साली बंगळुरात ज्यांच्या नावाने संस्था स्थापन केली, त्या गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावात मात्र स्वतःचे नाव प्रथम, पित्याचे मध्ये व आडनाव अखेरीस आहे. दोन्ही क्रम आपापल्या ठिकाणी योग्यच होत. परंतु एकाच नोंदवहीत ते मिसळले, तर पित्यालाच पुत्र समजण्याचा प्रसंग यावयाचा.

संगणकाची आज्ञावली लिहितानाही क्रमाचा असाच प्रश्न उभा राहतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेतील एक घोषणा पाहू. देवनागरीत लिहिल्यास ती 'पब्लिक स्टॅटिक फायनल इंट' अशी होईल. हे राखीव शब्द होत. भाषेने त्यांचे अर्थ ठरवून दिलेले असतात. 'पब्लिक' म्हणजे सर्वांस उपलब्ध, 'स्टॅटिक' म्हणजे संपूर्ण वर्गास मिळून एकच, 'फायनल' म्हणजे एकदा दिलेले मूल्य न बदलणारे आणि 'इंट' म्हणजे पूर्णांक. यांपैकी पहिल्या तीन शब्दांची अदलाबदल केली, तरी यंत्राच्या दृष्टीने अर्थ तोच राहतो. तथापि जावाच्या अधिकृत नियमग्रंथात त्यांचा रूढ क्रम नमूद केला आहे. तो बंधनकारक नाही.

मग तो पाळावा कशासाठी? आज्ञावली एकजण लिहितो, पण पुढे अनेकजण ती वाचतात व दुरुस्त करतात. समजा, कोणी 'स्टॅटिक फायनल' हे शब्द शोधून त्या सर्व घोषणा तपासू लागला. 'फायनल स्टॅटिक' असे लिहिलेली घोषणा त्याच्या दृष्टीतून निसटेल आणि चूक तशीच राहील.

क्रम नेहमीच असा निरुपद्रवी नसतो. सी भाषेत स्थिरतादर्शक 'कॉन्स्ट' हा शब्द 'इंट'च्या आधी वा लगेच नंतर लिहिला, तरी अर्थ एकच. पत्ता साठविणाऱ्या चलाच्या घोषणेत मात्र तो ताराचिन्हापूर्वी असल्यास त्या चलाच्या द्वारे संख्या बदलता येत नाही. ताराचिन्हानंतर असल्यास साठविलेला पत्ता बदलता येत नाही.

म्हणून विद्यार्थ्याने प्रथम क्रमाने अर्थ बदलतो की नाही, हे पाहावे. बदलत नसेल, तेथे सहकाऱ्यांनी स्वीकारलेला क्रमच चालू ठेवावा.