उपासनेंत वाद्याचा आवाज बदलणें

उपासनेंत गायन चाललें असतां कीबोर्डाचा आवाज केव्हां व कसा बदलावा, ह्याविषयीं आमच्या उपदेशक बंधूंस व वाजविणाऱ्या तरुणांस थोडें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. गांवच्या मंडळींतील पुष्कळ वृद्ध माणसें पुस्तकावांचून गातात. त्यांस वाद्याचा सूर हाच आधार असतो. बांसरीचा आवाज बंद पडून दुसरा निघेपर्यंत क्षणभर जरी शांतता पडली, तरी तीं थांबतात, आणि तुटलेलें गीत पुन्हां उचलणें कठीण जातें. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत (अध्याय १४, वचन ७) वाद्यांच्या स्पष्ट नादाचा दाखला घेतला आहे. तेथें विषय भाषेचा आहे खरा; तथापि वाजविणाऱ्यानेंही तो मनांत धरावा.

बाजाच्या पेटीवर हें काम सोपें आहे. समोरचे स्टॉपर ओढले कीं खर्ज व नर हे सूर मिळून बोलतात, एक आंत ढकलला कीं आवाज हलका होतो; भाता चालूच असल्यामुळें खंड पडत नाहीं.

कीबोर्ड व संगणक ह्यांची गोष्ट निराळी. ह्या यंत्रांस एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून १९८३ सालीं मिडी नांवाची रीत ठरली. तींत आवाज बदलण्याचा हुकूम म्हणजे केवळ एक अंक होय; एका संचांत १२८ आवाज मावतात. पुढें १९९१ सालीं कोणत्या क्रमांकास कोणतें वाद्य, हेंही ठरलें: १ पियानो, २० चर्च ऑर्गन, २१ पेटीच्या जातीचा रीड ऑर्गन, ७४ बांसरी, १०५ सतार. परंतु येथें एक खोंच आहे. कांहीं यंत्रें १ पासून मोजतात, तर कांहीं ० पासून; म्हणून २० लिहिलें असतां ऑर्गनाऐवजीं पेटी वाजूं लागते! तेव्हां प्रत्येक क्रमांक शनिवारींच वाजवून पाहावा.

मेनस्टेज हें सॉफ्टवेअर २००७ सालीं निघालें. तें ॲपलच्याच संगणकावर चालतें. त्यांत गीतांच्या क्रमानें आवाजांची यादी आधीं मांडून ठेवितां येते, व एक बटण दाबलें कीं पुढचा आवाज तयार होतो. दाबून धरलेला सूर बोट उचलीपर्यंत जुन्याच आवाजांत राहतो. हा त्याचा मोठा गुण होय. पुष्कळ स्वस्त कीबोर्डांत मात्र धरलेला सूर तुटतो. तेथें उपाय हाच कीं, कडव्याची ओळ संपून गाणारे श्वास घेतात तेवढ्यांतच बटण दाबावें. शिवाय मोठे आवाज डिस्कवरून वाचावयास संगणकास वेळ लागतो. म्हणून उपासनेपूर्वीं यादींतील प्रत्येक आवाज एकदां वाजवून घ्यावा, आणि सर्वांचा मोठेपणा सारखा करावा. बांसरीमागून ऑर्गन दुप्पट गर्जला तर गाणारे दबून जातात.

आमच्या मतें एका उपासनेंत तीन आवाज पुष्कळ झाले. कडव्यास पेटी, धृपदास ऑर्गन, प्रार्थनेच्या वेळीं कांहींच नाहीं. दहा आवाज ऐकविण्याची हौस तालमीच्या दिवशीं भागवावी.

वीज गेली तर लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालूं राहतो, पण कर्णे मुके होतात. यास्तव पेटी जवळ उघडून ठेवावी. पट्टीविषयीं मात्र सावध असावें. कित्येक जण कीबोर्डावर ट्रान्सपोज लावून सदा पांढरी एकच्याच बोटांनीं वाजवितात. गीत काळी दोनमध्यें चाललें असेल, तर पेटीवर तीं बोटें उपयोगीं पडणार नाहींत. निदान नेहमींच्या पांच-सहा गीतांपुरतीं तरी काळी दोनचीं बोटें निराळीं बसवून ठेवावीं.