इंचभर शिपायांसाठी वीतभर चिखल

१८०४च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांनी इंग्रज कर्नल मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्याच्या घाटाकडून थेट आग्र्यापर्यंत पिटाळलं. निवृत्तीनंतर ती माघार मी जेवणाच्या टेबलावर मांडायला घेतली. इंचभर उंचीचे शिपाई, फाशांवर चालणारी लढाई आणि हाताने केलेली दलदल. शिपाई फसायच्या आधी मीच फसलो.

१. डोंगर रचणं सोपं, चिखल करणं अवघड. लहानपणी दिवाळीत वाड्यातला किल्ला माझ्याच हातचा असायचा, त्याची घमेंड होती. किल्ला उंच झाला की लोक वाहवा करतात. दलदलीत सगळी करामत खाली उतरण्याची. थर्माकोलची कड हळूहळू उतरती तासली नाही, तर दलदलीऐवजी हौद दिसतो. माझा पहिला हौदच झाला.

२. खरी वस्तू खरी दिसेलच असं नाही. सांवेरकडच्या शेतातली अस्सल काळी माती आणून फेव्हिकॉलमध्ये कालवली. वाळल्यावर ती वैशाखातल्या माळव्यासारखी भेगाळली. ही माती भिजली की फुगते, सुकली की आकसते, हे जन्मभर बघितलेलं. टेबलाशी बसल्यावर विसरलो. शेवटी लाकडाचा भुसा कामी आला.

३. चिखल तपकिरी नसतो. इंदूरच्या सिरपूर तलावाच्या काठी एक सकाळ नुसता बघत बसलो. कडेला राखाडी, पुढे शेवाळी, आत जवळजवळ काळा. या तलावाला २०२२मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली. माझ्या नजरेत मिळायला मात्र हा चिखल करावा लागला.

४. पाण्याला घाई चालत नाही. रेझिन पातळ थरांनी, मध्ये दिवस सोडून ओतायचं असतं. मी एकदम ओतलं. ते तापलं, थर्माकोल खचला आणि न लिंपलेल्या फटीतून ओघळ टेबलावर आला. काचेसारखा घट्ट झालेला तो ओघळ बायको पाहुण्यांना कौतुकाने दाखवते. दलदल दाखवत नाही.

५. फसायलाही जागा लागते. खराट्याच्या काड्यांचं लव्हाळं इतकं दाट लावलं, की शिपाई उभे राहीनात. ‘‘आजोबा, यात लढायचं कुठे?’’ नातवाने विचारलं. निम्मं उपटलं.

६. रुतलेली तोफ दाखवायची तर चाकं अर्ध्यावर कापावी लागतात. मॉन्सनच्या माणसांनी चिखलात अडकलेल्या तोफा तिथेच सोडल्या, हे वाचताना मला हसू आलं होतं. चार रात्री जागून रंगवलेल्या तोफेवर करवत ठेवली, तेव्हा नाही आलं.