अदा आणि कजा : राहिलेल्या नमाजांचा हिशेब

सरकारी कचेरीच्या कागदावर "रक्कम अदा केली" हे वाक्य आपण नेहमी वाचतो. दोन भावांत जमिनीवरून वाद झाला तर "कज्जा कोर्टात गेला" असे म्हणतो. 'अदा' हा शब्द मूळचा अरबी. 'कज्जा' आणि 'काजी' हे शब्द ज्या अरबी धातूपासून निघाले, त्याच धातूपासून 'कजा' हा शब्द झाला आहे. निकाल लावणे, पुरे करणे, फेडणे असे त्याचे अर्थ आहेत. इस्लामी धर्मशास्त्रात हे दोन शब्द जोडीने येतात. वेळेत पढलेली नमाज ती 'अदा' आणि वेळ टळल्यावर भरून काढलेली नमाज ती 'कजा'. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकाराचा विचार करावयाचा आहे.

हा विषय निवडण्याचे कारण असे. आपल्या वयाच्या कित्येक मुलांची नमाज शाळा सुटल्यावर सुटते. तीन-चार वर्षे जातात. पुढे मनात येते, की पुन्हा सुरुवात करावी. पण लगेच दुसरा विचार येतो : "इतक्या वर्षांचे काय? आता हे कधी फिटणार?" आणि माणूस आहे तिथेच बसतो. मागची बाकी मोठी म्हणून आजचा भरणाही थांबवायचा, असा हा प्रकार आहे. धर्मशास्त्राने या प्रश्नाचे काय उत्तर दिले आहे, ते नीट पाहिले तर ही निराशा निराधार आहे असे दिसून येईल.

रोजचे देणे

दिवसाच्या पाच नमाजांत फर्ज, म्हणजे अनिवार्य, रकाती अशा : फजर २, जोहर ४, असर ४, मगरीब ३ आणि इशा ४. एकूण १७. हनफी मताप्रमाणे इशानंतरच्या वित्र नमाजेच्या ३ रकाती 'वाजिब' असल्याने त्याही देण्यात धरल्या जातात, म्हणजे रोजच्या २० रकाती झाल्या. सुन्नत आणि नफल नमाजांची थकबाकी सहसा धरली जात नाही. शुक्रवारची जुमा नमाज चुकली, तर तिच्या जागी जोहरच्या ४ रकाती पढावयाच्या असतात.

हे देणे वयात आल्यापासून सुरू होते. वयात आल्याची लक्षणे दिसली नाहीत, तर सर्वसाधारणपणे १५ हिजरी वर्षे पुरी झाल्यावर ते लागू होते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे आपल्या इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे ही साडेचौदा वर्षे होतात. सनातील हा फरक हिशेब मांडताना विसरता कामा नये.

पैगंबरांच्या काळातील दोन प्रसंग

नमाज चुकणे ही गोष्ट प्रत्यक्ष हजरत पैगंबरांच्या (स.) काळातही घडली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हिजरी सन ५ मध्ये, म्हणजे इ. स. ६२७ मध्ये, मदीनेला वेढा पडला होता आणि शहराच्या रक्षणासाठी खंदक खणला होता. लढाईच्या धामधुमीत असरची वेळ निघून गेली. सूर्य मावळल्यावर पैगंबरांनी वजू केली, आधी असरची नमाज पढली आणि मग मगरीबची. आधीचे देणे आधी आणि नंतरचे नंतर, हा क्रम येथे दिसतो.

दुसरा प्रसंग खैबरच्या मोहिमेवरून परतताना घडला. ही मोहीम हिजरी ७ (इ. स. ६२८) मधील. रात्रभर प्रवास झाला होता. पहाटे जागे करण्याचे काम हजरत बिलाल यांच्याकडे होते. परंतु उंटाला टेकून बसल्या बसल्या त्यांनाही डोळा लागला आणि उन्हाचा चटका बसला तेव्हा सर्वजण जागे झाले. बिलाल यांना शिक्षा झाली नाही. मंडळी तेथून थोडी पुढे सरकली आणि सर्वांनी मिळून फजरची नमाज पढली. विसरल्यामुळे किंवा झोपेमुळे नमाज राहिली, तर आठवण होताच ती पढावी, हीच तिची भरपाई, असा नियम हदीसमध्ये आहे.

देणे कोणते आणि सूट कोणती?

हिशेबात 'येणे राहिले' आणि 'मुळात आकारणीच झाली नाही' या दोन गोष्टींत मोठा फरक असतो. शास्त्रकारांनी तोच फरक येथे केला आहे.

मासिक पाळीच्या आणि बाळंतपणानंतरच्या स्रावाच्या दिवसांत स्त्रीवर नमाज लागूच होत नाही, म्हणून तिची कजाही नाही. रमजानचे रोजे मात्र तिने पुढे भरून काढावयाचे असतात. हजरत आयेशा यांना एका स्त्रीने या फरकाचे कारण विचारले होते. तेव्हा आम्हाला रोजे भरण्याची आज्ञा होत असे, नमाज भरण्याची नसे, असे त्यांनी सांगितले. शास्त्रकार याचे स्पष्टीकरण असे देतात, की रोजे वर्षातून एकदाच येतात. नमाज रोज पाच वेळा येते, आणि दर महिन्याला तिची थकबाकी चढत गेली तर तो जाच होईल.

जो नव्याने इस्लाम स्वीकारतो, त्याच्यावर मागील आयुष्याची बाकी नाही. बेशुद्ध माणसाबाबत हनफी मत असे, की बेशुद्धी एक दिवस-रात्रीहून अधिक लांबली आणि पाचांहून अधिक नमाजा गेल्या तर माफी. त्याहून कमी असेल तर कजा. मात्र माणूस शुद्धीवर असेल तर केवळ आजारामुळे नमाज सुटत नाही. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून, डोक्याच्या खुणेने पढण्याची सवलत आहे. परीक्षा, दुकानातील गर्दी किंवा कामाचा ताण ही कारणे माफीच्या यादीत नाहीत.

मुद्दाम सोडलेली नमाज

आता कळीचा प्रश्न येतो. विसरलेल्याला आणि झोपलेल्याला वाट आहे; पण जाणूनबुजून सोडली त्याचे काय? येथे विद्वानांत मतभेद आहे.

कॉर्डोव्हाचे इब्न हज्म (९९४–१०६४) आणि दमास्कसचे इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांचे मत असे, की मुद्दाम सोडलेली नमाज नंतर भरताच येत नाही. नमाज ठराविक वेळेशी बांधलेली आहे. वेळ गेली की संधी गेली. अशा माणसाने तौबा करावी आणि पुढे जास्तीत जास्त नफल नमाजा पढाव्यात.

उलट हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली या चारही पंथांच्या बहुसंख्य विद्वानांचे मत असे, की ती भरलीच पाहिजे. त्यांचा युक्तिवाद साधा पण जोरदार आहे. ज्याचा दोष नाही अशा झोपलेल्या माणसालाही भरपाई लागते, तर ज्याचा दोष आहे त्याला ती अधिकच लागली पाहिजे. शिवाय, मृत आईच्या राहिलेल्या रोज्यांविषयी एकाने विचारले असता, ईश्वराचे कर्ज फेडले जाण्यास अधिक पात्र आहे, अशा अर्थाचे उत्तर पैगंबरांनी दिले होते. तोच न्याय विद्वान नमाजेला लावतात. मुदत टळली म्हणून कर्ज बुडत नाही, हे आपणही जाणतो.

मात्र दोन्ही पक्ष एका गोष्टीवर एकमत आहेत. उशिराचा दोष वेगळा आणि त्यासाठी तौबा हवीच. कजा पढल्याने देणे फिटते. जाणूनबुजून केलेल्या दिरंगाईचे पाप पश्चात्तापाने धुतले जाते. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

हिशेब कसा मांडावा?

एक उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्याने सतराव्या वर्षी नमाज सोडली आणि विसाव्या वर्षी पुन्हा सुरू केली. मधली तीन वर्षे म्हणजे १,०९५ दिवस. फर्ज नमाजा ५,४७५ आणि वित्र १,०९५, एकूण ६,५७०. रकाती २१,९००. हा आकडा पाहून छाती दडपते. पण त्याने रोजच्या प्रत्येक नमाजेबरोबर त्याच नावाची एक कजा नमाज पढली, तर रोजच्या २० रकाती वाढतात. त्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. तीन वर्षांत खाते मिटते. रोज दोन दिवसांची फेड केली तर दीड वर्षात.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की या कर्जावर व्याज नाही. वीस वर्षांपूर्वी राहिलेली फजर आजही दोनच रकातींची आहे. मुद्दल तेवढे द्यावयाचे.

नेमका आकडा आठवत नसेल तर अंदाज करावा, पण तो थोडा सढळ हाताने. संभाव्य देणे आधी धरून ठेवावे, हे सावधगिरीचे तत्त्व हिशेबशास्त्रात आपण शिकतोच. स्त्रियांनी दर महिन्याचे सुटीचे दिवस वजा करावेत.

आता हजारो नमाजांपैकी आज पढतो ती कोणत्या तारखेची, हे कसे ठरवावे? फकीहांनी त्यावर सुंदर तोड काढली आहे. "माझ्यावर बाकी असलेल्या फजरांपैकी पहिली" अशी नियत करावी. ती फिटली की पुढची आपोआप पहिली ठरते. "शेवटची" अशी नियत केली तरी चालते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला येथे गोदामातील मालाच्या हिशेबाच्या दोन पद्धती आठवतील : आधी आलेला माल आधी काढणे किंवा शेवटी आलेला आधी काढणे.

थकबाकी अगदी थोडी, म्हणजे सहाहून कमी नमाजांची असेल, तर हनफी मताने ती क्रमाने आणि चालू नमाजेच्या आधी फेडावी लागते. सहा झाल्या की क्रमाचे बंधन उठते. सूर्य उगवताना, माथ्यावर असताना आणि मावळताना कजा पढू नये. बाकी कोणत्याही वेळी पढता येते. कोकणातील मुसलमान आणि भटकळचे नवायत बहुतांशी शाफई आहेत, आपल्या घाटावर हनफी अधिक. शाफई मतात क्रम पाळणे चांगले, पण सक्तीचे नाही. वेळेचे हे बंधन कजेला लागत नाही. आणि वित्र सुन्नत असल्याने ती सक्तीच्या देण्यात येत नाही. प्रवासात राहिलेली चार रकातींची नमाज घरी आल्यावर हनफी दोनच रकातींची भरतो, शाफई चारची. त्यामुळे आपला मित्र निराळ्या रीतीने भरताना दिसला, तर तो चुकतो आहे असे समजू नये.

खोटी सवलत

कर्जदाराला सोपी वाट दाखविणारे नेहमीच भेटतात. रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी विशिष्ट नमाज पढली की जन्मभराच्या नमाजा फिटतात, अशी समजूत काही ठिकाणी आहे. लखनौच्या फिरंगी महलचे मौलाना अब्दुल हई (१८४८–१८८६) यांनी या समजुतीच्या खंडनार्थ स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. एका दिवसाच्या हप्त्यात सारे कर्ज मिटत नाही. हजने किंवा केवळ तौबेनेही राहिलेल्या नमाजा वसूल होत नाहीत.

पैसे देऊन सुटका होईल काय? जिवंतपणी नाही. मृत्यूनंतर, मृताने तशी वसीयत केली असेल तर, मालमत्तेच्या एक तृतीयांशातून प्रत्येक नमाजेमागे अर्धा साअ गहू, म्हणजे सुमारे दीड ते दोन किलो, किंवा त्याची किंमत गरिबांना फिदया म्हणून द्यावी, असे हनफी मत आहे. शिया जाफरी पंथात वडिलांच्या राहिलेल्या नमाजा थोरल्या मुलाने भराव्यात असा नियम आहे. परंतु चालत्या-बोलत्या माणसाचे देणे त्यानेच आपल्या वेळातून फेडावयाचे, यात श्रीमंताला आणि गरिबाला एकच दर आहे.

शेवटी एक नाजूक मुद्दा. कजा नमाज लोकांना सांगत पढू नये, असे फकीह म्हणतात. नमाज सोडणे हा दोष आणि त्याचा गाजावाजा हा दुसरा दोष. म्हणून "तुझ्या किती राहिल्या?" हे कुणी कुणाला विचारू नये. व्यापाऱ्याची खतावणी तपासनीस पाहतो. ही खतावणी माणूस आणि त्याचा ईश्वर या दोघांतच राहते.

तेव्हा ज्यांच्या मनात मागच्या बाकीचे ओझे आहे, त्यांनी एक साधी वही घ्यावी, पाच नमाजांचे व वित्रचे मिळून सहा रकाने पाडावेत आणि आजच्या जोहरबरोबर एक जोहर फेडून तिच्या रकान्यात पहिली खूण करावी. वही पुरी होण्याआधी आयुष्य संपले तर काय, ही चिंता ज्याच्या हातात ते आहे त्याच्यावर सोपवावी. मात्र वसीयत लिहून ठेवावी. आजची नमाज वेळेत अदा करावी, म्हणजे निदान उद्या थकबाकी वाढणार नाही.