खूण तीच, अर्थ निराळा

तपासलेली वही हाती आली की तुमची दृष्टी प्रथम तांबड्या शाईकडे धावते. उत्तराशेजारी 'बरोबर'ची तिरपी खूण दिसली की जीव भांड्यात पडतो. शिक्षक म्हणून मी अशा सहस्रावधी खुणा केल्या. त्यांचा अर्थ सर्वत्र एकच असणार, याविषयी मला कधी शंका आली नाही.

परंतु जपानमधील एखाद्या मुलाच्या वहीत मी ती खूण केली असती, तर ते बिचारे हिरमुसले असते! तेथील शिक्षक बरोबर उत्तरावर वर्तुळ काढतात. त्याला 'मारू' म्हणतात. आपली तिरपी खूण तेथे पुष्कळदा चुकलेल्या उत्तरावर पडते. काम फारच सुरेख झाले असेल, तर वर्तुळाभोवती पाकळ्या काढून त्याचे फूल करतात, ते 'हानामारू'. चूक दाखविणारी फुली म्हणजे 'बात्सू'. या खुणा वहीपुरत्याच नाहीत. दूरच्या माणसाला होकार कळवावयाचा असल्यास जपानी माणूस दोन्ही हात डोक्यावर नेऊन वर्तुळ करतो. नकार द्यावयाचा तर हातांची फुली करून दाखवतो.

1994 साली जपानच्या सोनी कंपनीने 'प्लेस्टेशन' हे खेळाचे यंत्र काढले. त्याच्या कळींवर वर्तुळ व फुली या आकृती होत्या. जपानमध्ये वर्तुळ म्हणजे होकार, फुली म्हणजे नकार. पाश्चात्त्य देशांत मात्र पुष्कळदा छापील अर्जातील चौकटीत फुली मारूनच निवड दर्शवितात. तेथील खेळांत फुली हाच बहुधा होकार ठरला. पुढे 2020 साली नव्या यंत्रात जपानसाठीही फुलीच होकाराची केली. पंचवीस वर्षांची बोटांची सवय! ती मोडताना तेथील खेळाडू कुरकुरले, यात नवल ते काय?

खेळात चूक झाली तर डाव पुन्हा मांडता येतो. मतपत्रिकेचे तसे नाही. ब्रिटनमधील मतदार आपल्या पसंतीच्या उमेदवारापुढे फुली करतो. जपानमध्ये लोकप्रतिनिधींच्या सार्वत्रिक निवडणुकीबरोबर सर्वोच्च न्यायालयाच्या काही न्यायाधीशांविषयीही मत घेतात. तेथे ज्याच्या नावावर फुली पडते, त्याला पदावरून दूर करावे, असा तिचा अर्थ होतो. फुल्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर त्याचे पद जाते. 2024 पर्यंत तरी असा प्रसंग कोणावर आला नव्हता.