जळू आणि वेदनाशमन

गोड्या पाण्याच्या तळ्यांत व दलदलीत राहणारी जळू ही गांडुळाची दूरची नातलग होय. तिच्या तोंडात करवतीसारख्या कडेचे तीन जबडे असतात. त्यांच्या साहाय्याने ती कातडीवर तीन फाट्यांची बारीक जखम करते आणि आपल्या वजनाच्या कित्येक पट रक्त शोषून घेते. हे रक्त गोठत कसे नाही? १८८४ साली जॉन हेक्राफ्ट यांनी दाखवून दिले की, जळूच्या तोंडातील द्रवात रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. पुढे त्यास हिरुडिन हे नाव मिळाले.

वैद्यांस जळू त्यापूर्वीच परिचित होती. सुश्रुतसंहितेत जळवांचे बारा प्रकार सांगितले असून त्यांपैकी सहा सविष व सहा निर्विष मानले आहेत. एकोणिसाव्या शतकात पॅरिस येथील वैद्य ब्रूसे यांच्या शिकवणीमुळे जळवांस इतकी मागणी आली की, १८३३ साली फ्रान्सला चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून आणाव्या लागल्या. फाजील रक्त काढून टाकले म्हणजे रोग हटतो, अशी त्यामागील समजूत होती. ती पुढे टिकली नाही आणि जळूचा उपयोगही मागे पडला.

तथापि उपपत्ती चुकली म्हणून उपाय निरुपयोगी ठरत नाही. त्याची वेगळी परीक्षा घ्यावी लागते. अशी एक परीक्षा जर्मनीतील एसेन येथे मिखाल्सेन व त्यांचे सहकारी यांनी घेतली व तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. गुडघ्याच्या सांध्याची झीज झालेल्या ५१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करण्यात आले. २४ जणांच्या गुडघ्याभोवती एकदाच चार ते सहा जळवा लावल्या; उरलेल्या २७ जणांस २८ दिवस डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध गुडघ्यावर चोळण्यास दिले. सातव्या दिवशी जळवांच्या गटात वेदनेचा सरासरी अंक ५३.५ वरून १९.३ वर आला. दुसऱ्या गटात तो ५१.५ वरून ४२.४ वर आला. पुढे वेदनेतील हा फरक निश्चित म्हणण्याइतका उरला नाही. सांध्याचा ताठरपणा व हालचाल यांतील सुधारणा मात्र ९१ दिवसांपर्यंत दिसून आली.

या प्रयोगास एक मर्यादा आहे. आपणांस जळवा लावल्या हे रुग्णास कळतेच, आणि बरे वाटेल या अपेक्षेनेही वेदना काही अंशी कमी होते. त्यामुळे जळूच्या द्रवाचा वाटा किती व अपेक्षेचा किती, हे या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

या उपायात धोकेही आहेत. जळू सुटल्यावर जखमेतून कित्येक तास रक्त पाझरते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी हा उपचार टाळावा. जळूच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जंतू असतात व ते जखमेत शिरून ती चिघळू शकते. एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास लावल्यास रोगसंसर्गाचे भय असते. याकरिता तळ्यातील जळवा आणून घरी प्रयोग करणे सर्वथा अयोग्य होय. हा उपचार करावयाचा झाल्यास तो स्वच्छ जागी वाढविलेल्या जळवांनी व जाणत्या चिकित्सकाच्या देखरेखीखालीच व्हावा.