तान्ह्या बाळाचे लोकरी पांघरूण
लोकर त्वचेस बोचते की नाही, हे तिच्या तंतूच्या जाडीवर अवलंबून असते. सुमारे ३० मायक्रॉनहून जाड तंतूंची टोके सहज वाकत नाहीत व त्वचेस बोचतात. मेरिनो मेंढीचे तंतू बहुधा २४ मायक्रॉनहून बारीक असल्याने ते मऊ लागतात. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश बाष्प शोषूनही हातास ओली लागत नाही.

‘सेंद्रिय’ हे विशेषण मेंढ्यांचे संगोपन व लोकरीवरील प्रक्रिया यांविषयी असते. त्यावरून तंतूंचा बारीकपणा कळत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी दोन्ही गोष्टी पाहाव्यात.

तथापि पांघरूण कितीही उत्तम असले, तरी झोपेत ते तोंडावर येऊन बाळाचा श्वास कोंडण्याचा संभव असतो. यास्तव एक वर्षाखालील बाळास निजविताना अंगाबरोबर बसणारे उबदार कपडेच घालावेत. सुटे पांघरूण बाळ जागे असताना, मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावे.